अयोध्येचा सातबारा

रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेतील युद्धे मुलांना आवडत. एक बाण डावीकडून येई, दुसरा उजवीकडून, दोघे आकाशात समोरासमोर थांबत आणि मग ठिणग्या उडत. वेंगुर्ले तालुक्यातील आमच्या वाडीवरच्या मोठ्या माणसांना मात्र सगळ्यात थरारक भाग कोणता असे विचारले असते, तर त्यांनी बेलाशक कोपभवनाचे नाव घेतले असते. त्या भागात कोणी कोणावर शस्त्र उचलत नाही. एक राजा, एक राणी, जमिनीवर विखुरलेले दागिने आणि न सरणारी एक रात्र, एवढ्यावरच सगळा कारभार चालतो. परंतु त्यात घर आहे, जमीन आहे, सावत्र भाऊ आहेत आणि कागदावर न उतरलेला तोंडी शब्द आहे. आणि एवढा ऐवज असला म्हणजे कोकणातल्या प्रेक्षकाला राक्षसांची उणीव भासत नाही.

मालिका २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत, ७८ भाग, दर रविवारी सकाळी साडेनऊला चालली. कोपभवन आले ते आंब्याच्या दिवसांत. वाडीत दूरचित्रवाणी संच एकच होता, वरच्या घरात, मुलाने मस्कतहून पाठवलेल्या पैशांतून घेतलेला, कृष्णधवल आणि दोन्ही बाजूंनी सरकणाऱ्या लाकडी दारांचा. ती दारे उघडण्याचा मान घरच्या आजोबांचा होता. आधी उदबत्ती, मग हळदकुंकू, मग दारे, असा क्रम असे. अँटिना चिव्याच्या काठीला आणि काठी माडाला बांधलेली होती, त्यामुळे वारा सुटला की अयोध्येत मुंग्या येत आणि एका मुलाला माडाखाली उभे राहून ‘इली काय? गेली?’ असे ओरडत काठी फिरवावी लागे. रविवारच्या सकाळी रापण ओढणाऱ्यांचीही पंचाईत होई. मासळी काही कोणाच्या मालिकेसाठी थांबत नाही, पण रापणीचे दोर सोडून अर्धी माणसे वरच्या घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन बसत, आणि त्यांच्या अंगाचा खारा वास उदबत्तीवर मात करी.

आता प्रत्यक्ष भागाकडे वळतो.

अयोध्येत तोरणे लागली आहेत, रस्त्यांवर सडे पडले आहेत, दुसऱ्या दिवशी रामाचा राज्याभिषेक आहे. गच्चीवरून एक वाकलेली म्हातारी हे सगळे पाहते आहे. ती पडद्यावर दिसताच खळ्यात एकच कुजबुज झाली, कारण ती ललिता पवार होती. दिग्दर्शकाने मंथरेच्या पाठीला कुबड दिले, काठी दिली, पण खरे तर त्याची काही गरज नव्हती. १९४२ साली एका चित्रीकरणात बसलेल्या थपडेने ज्यांच्या डोळ्याला कायमची इजा झाली आणि त्यानंतर ज्यांनी त्याच डोळ्याच्या धाकावर हिंदी चित्रपटातल्या असंख्य सुनांना रडवले, त्या बाई एखाद्या सुखी घराच्या गच्चीवर उभ्या दिसल्या म्हणजे पुढे काय होणार हे सांगायला ऋषी लागत नाही. आमची आजी तांदूळ निवडत बसली होती. तिने सूप बाजूला ठेवले.

‘इली ती अवदसा,’ ती म्हणाली. ‘आता ह्या घराचा वाटोळा झाल्याशिवाय रवाचा नाय.’

मंथरा कैकेयीच्या महालात जाते. कैकेयीला बातमी कळते तेव्हा तिला आनंदच होतो. ती गळ्यातला दागिना काढून मंथरेला बक्षीस देते आणि मंथरा तो भिरकावून देते. हा दागिना भिरकावण्याचा क्षण बायकांना फार लागला. सोने फेकणारी दासी आमच्या वाडीत कोणी पाहिलेली नव्हती, त्यामुळे मंथरेचा दुष्टपणा त्यांच्या लेखी तिथेच सिद्ध झाला. पुढचे विष ऐकायचीही गरज उरली नाही. पुरुषमंडळी मात्र पुढचे नीट ऐकत होती. राज्य रामाकडे गेले की तू कौसल्येची दासी होशील आणि तुझा मुलगा रामाचा नोकर, हे मंथरेचे म्हणणे त्यांनी तालुक्याच्या कोर्टात वकिलाचे ऐकावे तितक्या गंभीरपणे ऐकले.

तिथे आमचे तलाठी आबा बसलेले होते. आबा निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, पण जमिनीचे गाव नकाशे त्यांच्या डोक्यात तसेच होते आणि कोणत्याही माणसाची ओळख ते त्याच्या गट नंबरावरूनच करून देत. त्यांनी हात वर केला.

‘भरत खंय आसा?’

कोणीतरी सांगितले की तो आजोळी गेला आहे, शत्रुघ्नाला घेऊन.

‘मगे? एक हिस्सेदार गावात नसताना वाटप कसा करतत? आणि नोटिस खंय आसा? फेरफाराक पंधरा दिवसांची नोटिस लागता. ह्यांका उद्याच गादी व्हयी!’

खळ्यात हशा पिकला, पण तो हशा पुरता मोकळा नव्हता. मुंबईला असलेल्या भावाच्या पाठीमागे गावात झालेल्या वाटण्या हा आमच्याकडे विनोदाचा विषय नसतो. तो तीन पिढ्यांचा विषय असतो. गिरणीतले दादा त्या हशात सामील झाले नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने अडीच लाखांच्या आसपास कामगारांना रस्त्यावर आणले होते आणि त्यांतले कितीतरी कोकणात आपापल्या घरी परतले होते. दादा त्यांच्यापैकी एक. लालबागच्या खोलीतून पेटी घेऊन ते घरी आले, तेव्हा त्यांच्या मळ्याच्या सातबाऱ्यावर पीकपाहणीच्या, म्हणजे जमीन कोण कसतो ते लिहितात त्या, रकान्यात धाकट्या भावाचे नाव लागलेले होते. तेव्हापासून दादा त्या भावाशी बोलत नसत, आणि तो भाऊ खळ्याच्या दुसऱ्या टोकाला, बरोबर खांबाच्या आड बसे.

पुढे कोपभवन. राजवाड्यात केवळ रुसण्यासाठी राखून ठेवलेले एक दालन असते, ही गोष्ट वाडीवर अतोनात कुतूहलाने पाहिली गेली. आमच्या घरांना लोटा, म्हणजे ओसरी, असतो, पडवी असते, माजघर असते, बाळंतिणीची खोलीसुद्धा असते. रुसण्याची जागा कोणी बांधलेली नाही. रुसलेली बाई फार तर विहिरीवर जरा जास्त वेळ घालवते, किंवा जेवणात मीठ विसरते. राजाच्या घरी मात्र राग कुठे करायचा याचीही सोय आहे, तिथे आधीच अंधार करून ठेवलेला आहे, आणि राणी तिकडे गेली असे कळताच नोकरचाकर हळू बोलू लागतात. माझ्या आजीला ही व्यवस्था फार पसंत पडली. दागिने जमिनीवर टाकायचे, केस मोकळे सोडायचे आणि नवऱ्याने येऊन विचारीपर्यंत उठायचे नाही, यात तिला काहीच गैर दिसले नाही. तिची तक्रार एवढीच होती की बाजूबंद एकच पडलेला दिसला, दुसरा कुठे गेला ते दाखवले नाही.

कैकेयीचे काम पद्मा खन्ना यांनी केले होते. मुंबईकरांना त्या ‘जॉनी मेरा नाम’ या १९७० सालच्या चित्रपटातील नृत्यामुळे ठाऊक होत्या आणि ती माहिती ते आपसांत दबक्या आवाजात एकमेकांना पुरवीत होते. पण त्यांच्या कामाचे खरे परीक्षण चालले होते ते आमच्या नानांच्या तोंडून. नानांनी तरुणपणी दशावतारात स्त्री-भूमिका केल्या होत्या, आणि कैकेयी ही त्यांची हातखंडा भूमिका होती. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते, कोणी कोणते सोंग घ्यायचे ते ठरते आणि बाकी सगळे रंगमंचावर उभे राहून, पायपेटी, पखवाज आणि झांजेच्या साथीने, स्वतःच्या बुद्धीने बोलायचे असते. जत्रेच्या रात्री मध्यरात्रीनंतर आख्यान रंगात येते आणि पहाटे दहीकाल्याने संपते. रंगमंचावर सामान म्हणून एक बाकडे. तेच सिंहासन, तेच रथ, तेच कोपभवन. नानांची कैकेयी त्या बाकड्याला पाठ लावून बसे आणि पाऊण तास दशरथाला घाम फोडी. एकदा तर एका शेजारगावच्या जत्रेत प्रेक्षकांतली एक म्हातारी काठी घेऊन त्यांच्या अंगावर धावून आली होती, आणि नाना हा आपल्या आयुष्यातला सर्वोच्च पुरस्कार समजत.

‘ही कसली कैकयी,’ नाना म्हणाले. ‘ही रडता. कैकयी रडाक लागली काय नाटक पडला.’

नानांचे हे मत पुढे मी मालिका मोठेपणी पुन्हा पाहिली तेव्हाही मला पटले. पद्मा खन्ना वाईट काम करीत नाहीत. उलट अंधारात त्यांचा चेहरा जेव्हा एकदम कोरडा होतो, तेव्हा अंगावर काटा येतो. पण मालिकेला कैकेयी अखेरपर्यंत कठोर ठेवायचे धैर्य होत नाही. तिच्या आतल्या चांगल्या बाईची आठवण प्रेक्षकाला सारखी करून दिली जाते, म्हणजे पुढे तिचा पश्चात्ताप आला की धक्का बसू नये. दशावतारातल्या कैकेयीला असली सवलत नसते. ती पहाटेपर्यंत तावातावाने भांडते आणि दहीकाला झाल्यावर रंग पुसून चहा प्यायला जाते.

दशरथ येतात. इथे खळ्यातल्या वाचनाची आवड असलेल्या मंडळींना एक वेगळेच प्रकरण हाताला लागले होते. दशरथाचे काम बाळ धुरी यांनी केले होते आणि कौसल्येचे जयश्री गडकर यांनी; आणि हे दोघे प्रत्यक्ष आयुष्यात नवराबायको. साप्ताहिकांनी ही माहिती घराघरांत पोहोचवलेली होती. शिवाय धुरी हे आडनाव आमच्याकडचे आणि गडकर बाईंचा जन्म कारवारकडचा, म्हणजे दोघेही आपल्याच किनाऱ्याची माणसे, असा अभिमान होताच. मालिकेचे चित्रीकरणही उंबरगावला झाले, जे गुजरातेत असले तरी महाराष्ट्राच्या हद्दीला लागून, याच समुद्राच्या काठी आहे. तेव्हा सागरांची अयोध्या शरयूपेक्षा अरबी समुद्राला बरीच जवळ होती. या सगळ्यामुळे कोपभवनात दशरथ कैकेयीच्या विनवण्या करू लागले तेव्हा मागच्या रांगेतून एक बाई न राहवून म्हणाली, ‘घरची बायको थंय म्हालात बसली आसा, आणि हो हयसर हिच्या पाया पडता!’ करुण रस तिथे जो कोसळला तो पाच मिनिटे उठला नाही.

राजा रामाची शपथ घेऊन बसतो: माग, काय हवे ते देतो. आबांनी कपाळावर हात मारला. काय मागणार ते न विचारता आधी शब्द देणे हा त्यांच्या मते गुन्हाच होता. मग कैकेयी दोन जुन्या वरांची आठवण करून देते. देव-असुरांच्या युद्धात तिने राजाचा जीव वाचवला होता. आमच्याकडे सांगतात त्या कथेत तर रथाच्या चाकाचा आस निखळू नये म्हणून तिने स्वतःचे बोट त्यात घातले होते. राजाने त्या वेळी दोन वर देऊ केले आणि तिने ते राखून ठेवले. आबांना विचारले असते, तर ही मागणी चालणारी नव्हती. हातउसन्या पैशाच्या वसुलीला तीन वर्षांची मुदत असते. इथे तर मुलगे लग्नाचे झाले तरी मागणीच झाली नव्हती, साक्षीदार नाही, दस्त नाही, तारीख नाही. मागणी मुदतबाह्य आहे एवढेच दशरथाने म्हणायचे होते. पण तेवढ्यात पार्श्वभूमीला रघुकुलाची ती रीत ऐकू येऊ लागली, प्राण गेला तरी वचन जाऊ नये म्हणणारी, आणि आबांनी मान हलवून खटला सोडून दिला. ज्या पक्षकाराला स्वतःच हरायचे आहे त्याला वकील काय करणार, असा त्यांचा चेहरा होता.

दोन वर मागितले जातात. पहिला, भरताला राज्य. दुसरा, रामाला चौदा वर्षे वनवास. दशरथ कोसळतात.

या कोसळण्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण मालिकेची सगळी कला त्यात आहे. आधी दशरथाचा चेहरा दिसतो. मग कैकेयीचा. मग पुन्हा दशरथाचा, आणखी जवळून. वाद्यवृंद एकदा गरजतो. दशरथ दोन पावले मागे जातात, खांबाला धरतात, खांब त्यांना थोडा वेळ धरून ठेवतो, मग ते सरकत खाली येतात आणि ‘राम’ म्हणतात. मग उठतात. उठून पुन्हा विनवणी करतात, पुन्हा नकार येतो, पुन्हा तिन्ही चेहरे दिसतात, त्यांतला तिसरा बहुधा भिंतीवरच्या दिव्याचा असतो, आणि पुन्हा कोसळणे. आजच्या मालिकांमध्ये एक थप्पड तीन वेळा दाखवतात आणि लोक चिडतात. पण त्या पद्धतीचा उगम शोधायचा झाला तर तो सासूसुनांच्या मालिकांपर्यंत येण्याआधी अयोध्येतच सापडेल. फरक इतकाच की बाळ धुरी प्रत्येक वेळी वेगळ्या रीतीने पडत होते. एकदा राजा पडला, एकदा नवरा पडला आणि शेवटी नुसता म्हातारा बाप पडला, आणि त्या तिसऱ्या पडण्याला खळ्यात कोणीही हसले नाही.

नेमकी याच सुमारास वीज गेली. पडद्यावरचे चित्र आक्रसत मध्यावर आले आणि एक ठिपका होऊन विझले. अशा प्रसंगासाठी ट्रकची जुनी बॅटरी ठेवलेली होती, पण तिची तार कोणीतरी आंब्याच्या पेटीखाली दाबून ठेवली होती आणि ती सापडेपर्यंत वेळ जाणार होता. खळ्यात हलकल्लोळ उडाला. तेव्हा नाना उठले. त्यांनी खांद्यावरचा पंचा डोक्यावरून घेतला, संचाची लाकडी दारे अर्धी लोटली, त्याच्यासमोरच्या बाकावर पाठ टेकून बसले आणि कैकेयी होऊन बोलू लागले. आवाज चढा पण बाईचा, भाषा नाटकातली शुद्ध. ‘महाराज, आपण आज पिता म्हणून रडता आहात. परंतु भरतही आपलाच पुत्र ना? त्याच्यासाठी या डोळ्यांतून कधी एक थेंब तरी आला होता का?’ असे काहीसे ते म्हणाले, आणि मग त्याच ओघात, दशरथाला बोलू न देता, रणभूमीवरचे बोट, त्या बोटाचे हाड, लग्नात बापाला दिलेले शब्द, थोरल्या राणीच्या महालातले हळदीकुंकू जिथे आपल्याला शेवटी बोलावले जाते, असे एकेक बाहेर काढीत गेले. आजीने तोंडावर पदर धरला. मागे बसलेल्या दोन सुना एकमेकींकडे पाहून पाहत नसल्यासारखे करू लागल्या. ज्या कैकेयीला सकाळपासून सगळी वाडी शिव्या घालत होती, तिची बाजू पहिल्यांदाच कोणीतरी मांडत होते, आणि ती मांडणारा मिशा काढलेला साठीचा माणूस होता.

बॅटरी जोडली गेली, मुंग्यांतून चित्र वर आले, आणि दशरथ जिथे पडले होते तिथेच होते. कोणाचे काही चुकले नव्हते.

पुढचे लवकर सांगून टाकतो. सकाळ होते, सुमंत येतो, रामाला बोलावणे जाते, अरुण गोविल आपल्या त्या प्रसिद्ध मंद स्मितासह दाखल होतात. कैकेयी सगळे सांगते आणि राम त्याच स्मिताने ते मान्य करतात. हा प्रसंग मालिकेचा कळस मानला जातो, पण आमच्या आजीला तो मुळीच आवडला नाही. ‘अरे झिला,’ ती पडद्याला म्हणाली, ‘एकदा तरी कित्याक म्हणान विचार!’ तिचे स्वतःचे दोन मुलगे मुंबईला गेले होते, आणि जाताना त्यांनीही असेच हसून पाया पडले होते. आईला अशा वेळी मुलाचे हसणे नको असते.

आबांचे लक्ष मात्र चौदा या आकड्यावर होते. बारा वर्षे निर्वेध कब्जा राहिला तर मूळ मालकाचा दावा मुदतीबाहेर जातो, हे त्यांनी उभ्या आयुष्यात अनेक भावांना समजावून सांगितले होते. ‘बारा वर्सा झाली काय दावो गेलो,’ ते म्हणाले. ‘बायलेन दोन वर्सा वर मागून घेतल्यान. तिका कायदो म्हायत होतो.’

हे सगळे विनोदात निघून गेले असते आणि मीही ते विनोद म्हणूनच लक्षात ठेवले असते. पुढे कधीतरी वाल्मीकींचे अयोध्याकांड मराठी अर्थासह वाचायला घेतले, तेव्हा मी चकित झालो. चौथ्या सर्गात दशरथ रामाला एकांतात बोलावून सांगतो की भरत नगराबाहेर आहे तोवरच तुझा अभिषेक उरकून घ्यावा असे मला वाटते. भरत सज्जन आहे, तुझ्या मागे चालणारा आहे, हे तो मान्य करतो, पण माणसाचे मन स्थिर नसते, असेही वर म्हणतो. म्हणजे हिस्सेदार गावात नसतानाची घाई ही आबांच्या डोक्यातली कल्पना नव्हती. ती खुद्द राजाने बोलून दाखवलेली होती. पुढे एकशे सातव्या सर्गात चित्रकूटावर राम भरताला सांगतो की आपल्या पित्याने तुझ्या आईशी लग्न करताना तुझ्या आजोबांना राज्याचेच शुल्क कबूल केले होते. नानांच्या कैकेयीने अंधारात ‘लग्नात बापाला दिलेले शब्द’ म्हटले होते ते नानांनी कुठून आणले, कोणास ठाऊक. त्यांनी वाल्मीकी वाचले असण्याची शक्यता नव्हती, पण दशावतारी माणूस कीर्तनातून, पोथीतून, दुसऱ्या नटाच्या तोंडून काय काय उचलतो याला हिशेब नसतो.

मालिकेच्या सुरुवातीला आधारग्रंथांची लांबलचक यादी येई आणि तीत एकनाथांच्या भावार्थ रामायणाचे नाव दिसले की आजोबा हात जोडीत. पण मालिकेचा जीव तुलसीदासांत होता. तुलसीदासांकडे तर देवांच्या विनवणीवरून सरस्वतीच मंथरेची बुद्धी फिरवते, तेव्हा दोष कोणा माणसाकडे उरतच नाही. भक्तीच्या दृष्टीने ही फार सुंदर सोय आहे. कुटुंबाच्या दृष्टीने मात्र तीत पाणी घातल्यासारखे होते, कारण घर फुटायला देवांची गरज लागत नाही हे वरच्या घराच्या खळ्यात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. उदबत्ती लावून, हात जोडून बसलेली ती माणसे कथा ऐकत होती ती दिवाणी दाव्याच्या कानांनी. आणि माझे मत असे की सागरांच्या पडद्यापेक्षा ती वाल्मीकींना अधिक जवळची होती.

२८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखवली, आणि १६ एप्रिलला एकाच दिवशी ७.७ कोटी लोकांनी ती पाहिल्याचे जाहीर केले. मीही त्यांतला एक. या वेळी वीज गेली नाही, मुंग्या आल्या नाहीत, कोपभवन सलग पाहिले आणि त्याची लांबी प्रथमच कळली. पुढच्या महिन्यात मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांना गावोगावी शाळांच्या वर्गात चौदा दिवस वेगळे ठेवू लागले, तेव्हा आमच्या वाडीवरच्या पोरांनी शाळेच्या फाटकावर खडूने ‘चित्रकूट’ लिहिले होते. आबा आणि नाना तेव्हा हयात नव्हते, त्यामुळे त्यावर योग्य ती टिप्पणी झाली नाही.

मूळ खटल्याचा निकाल मात्र १९८७ सालीच, पाऊस लागल्यावर, लागला. संजय जोग यांचा भरत चित्रकूटावर जातो, रामाच्या पादुका मस्तकावर घेतो आणि राज्य रामाचे, आपण केवळ सांभाळणारा असे म्हणून परततो. त्या दिवशी खळ्यात पाणी होते म्हणून सगळे पडवीत दाटीवाटीने बसले होते. बायका रडत होत्या. संजय जोग यांनी खरोखरच रडवले होते. भाग संपल्यावर आबांनी घसा खाकरला आणि सर्वांच्या वतीने निर्णय जाहीर केला.

‘कब्जेदार सदरी रामच. भरताचा नाव पीकपाहणीक. चौदा वर्सांनी वाद नाय.’

गिरणीतले दादा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी खांबाच्या दिशेने न पाहता उत्तर दिले.

‘मी मुंबैक जाताना माझ्यो चपलो भावाकडेच ठेवन गेललंय, आबा. त्येणा त्यो घालून झिजयल्यान.’